कुलपांचा इतिहास आणि अभिलेखागारांचे खुले कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मध्य भागातील वुल्व्हरहॅम्प्टन आणि त्याला लागून असलेले विलेनहॉल ही कुलपांच्या धंद्याची जुनी ठिकाणे आहेत. तेथील आणि लंडनमधील अभिलेखागारांत या धंद्याची कागदपत्रे जतन केलेली असून अशा संस्था अधूनमधून ती सामान्य लोकांसाठी खुली करतात. बर्मिंगहॅम परिसरात शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी आणि मुंबईतील जिज्ञासू वाचक यांच्याकडून अशा कार्यक्रमांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हे कोणत्याही संस्थेचे अधिकृत निवेदन नाही; जाण्यापूर्वी त्या त्या संस्थेकडून वेळ आणि नियम विचारून घ्यावेत.

कुलपे पाहायची तर संग्रहालय आहेच. त्यासाठी अभिलेखागारात कशाला जायचे?

कुलूप हातात घेतले की ते कसे चालते एवढे समजते. ते कोणत्या चोरीनंतर बनवले गेले, त्यासाठी कारागिराला काय मजुरी मिळाली, ते कोणी विकत घेतले आणि पुढे ते कोणी फोडले, हे मात्र कुलूप सांगत नाही. ते पेटंटच्या अर्जात, खातेवहीत, मालाच्या सूचीपत्रात, गिऱ्हाइकाच्या तक्रारीत आणि वर्तमानपत्राच्या कात्रणात सापडते. सुरक्षितता हा मुळात एक दावा असतो. बनवणारा म्हणतो की हे उघडणार नाही, घेणारा त्यावर विश्वास ठेवतो, आणि तिसरा कोणीतरी तो दावा खोटा ठरवण्याच्या मागे लागतो. या तिघांचे बोलणे कागदावर उतरलेले असते, म्हणून ज्या कार्यक्रमात टेबलावर कुलूप आणि त्याच्या शेजारी त्याचा कागद मांडलेला असतो, तो कार्यक्रम आम्हाला नुसत्या काचेआडच्या प्रदर्शनापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

असे कार्यक्रम नेमके कोठे होतात?

वुल्व्हरहॅम्प्टनचे नगर अभिलेखागार मोलिन्यू हॉटेल या अठराव्या शतकातील जुन्या इमारतीत आहे. फुटबॉलप्रेमींना मोलिन्यू हे नाव मैदानामुळे ठाऊक असेलच. शहराच्या उद्योगांची कागदपत्रे पाहण्याची सुरुवात तेथून करावी. विलेनहॉल तेथून पाचेक किलोमीटरवर आहे. न्यू रोडवरील हॉडसन कुटुंबाचे घर आणि त्याच्या मागची कुलपांची कार्यशाळा १९८७ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली आणि पुढे ‘ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम’कडे सोपवली गेली. पुढे राहायचे घर आणि मागच्या अंगणात धंदा, ही या गावाची रीत त्या एका वास्तूत नीट दिसते. चब या प्रसिद्ध कंपनीच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग मात्र लंडनच्या क्लर्कनवेल भागातील ‘द लंडन आर्काइव्ह्ज’ या संस्थेत आहे. २०२४ पर्यंत ही संस्था ‘लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज’ या नावाने ओळखली जात होती, त्यामुळे जुन्या लेखांत तेच नाव आढळेल.

इतर देशांत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर अमेरिकेत कनेटिकट राज्यातील टेरीव्हिल येथे कुलपांचे संग्रहालय आहे, न्यूयॉर्कमध्ये कारागिरांच्या जुन्या संस्थेच्या इमारतीत मॉसमन संग्रह आहे आणि ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हान्स शेल यांचा प्रचंड संग्रह आहे. मुंबईविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

वर्षातील कोणत्या दिवसांत चौकशी करावी?

इंग्लंडमध्ये सप्टेंबरात ‘हेरिटेज ओपन डेज’ असतात. एरवी बंद असलेल्या वास्तू आणि दालने त्या दिवसांत विनामूल्य दाखवली जातात. अभिलेखागारांची स्वतःची मोहीम साधारणपणे नोव्हेंबरात असते आणि ९ जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन जगभर, भारतातही, पाळला जातो. या तीन काळांत चौकशी केल्यास काही ना काही हाती लागण्याचा संभव अधिक असतो.

कुलपांचा धंदा याच भागात का वाढला?

दक्षिण स्टॅफर्डशायरमध्ये कोळसा आणि लोखंड जवळजवळ सापडत होते आणि कालव्यांमुळे माल बाहेर नेणे सोपे होते, हे नेहमीचे उत्तर बरोबरच आहे. पण कोळसा आणि लोखंड इतरही भागांत होते. येथे खरा फरक पडला तो कामाच्या विभागणीमुळे. एक घर फक्त किल्ल्या कानशीने घासणार, दुसरे फक्त पेटीकुलपे करणार, तिसरे दाराची, चौथे लटकती कुलपे. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या एकेका कामात हात बसलेले लोक एका गावात दाटीने राहत होते. हेन्री स्क्वायर यांची विलेनहॉलमधील पेढी १७८० पासूनची आहे आणि अमेरिकेच्या येल कंपनीनेही पुढे इंग्लंडमधील आपला कारखाना याच गावात चालवला. बाहेरून येणाऱ्या कारखानदाराला येथे यंत्रांपेक्षा तयार माणसे मिळत, म्हणूनच पोर्ट्समथला सुरू झालेला चब बंधूंचा उद्योग वुल्व्हरहॅम्प्टनला आला.

त्या तयार माणसांची किंमत काय होती, हे सांगणारा कागदही उपलब्ध आहे आणि तो कार्यक्रमात मांडलेला नसेल तर आवर्जून मागावा. बालकामगारांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्या वतीने रिचर्ड हॉर्न हे १८४१ मध्ये विलेनहॉलला गेले आणि त्यांनी तेथील मुलांच्या जबान्या नोंदवल्या. अनाथाश्रमवजा ‘वर्कहाउस’मधून उमेदवारीसाठी पाठवलेली मुले छोट्या मालकांच्या ताब्यात असत. पोटभर अन्न नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही आणि हातात येईल त्या वस्तूने मारहाण, असे त्या जबान्यांतून दिसते. शेगड्याशी (लोखंड घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीशी) वाकून वर्षानुवर्षे कानस चालवल्याने अनेकांच्या पाठीला कायमचा पोक येई, आणि त्यावरून आजूबाजूचे लोक या गावाला ‘हम्पशायर’ म्हणत. मोठ्या कारखान्यांसाठी कायदे होत गेले, तरी अशा छोट्या कार्यशाळांपर्यंत ते पोहोचायला १८६७ साल उजाडले. श्रीमंतांच्या घरांना निर्धास्त झोप देणारी कुलपे कोणत्या हातांनी घडवली हे या अहवालावाचून कळत नाही, आणि पितळेच्या सुबक नमुन्यांत रमलेल्या प्रदर्शनांतून नेमका तोच अनेकदा गाळलेला असतो.

चब यांचे ‘डिटेक्टर’ कुलूप म्हणजे काय? त्याचा एवढा बोलबाला का?

१८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. त्यानंतर, स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही न उघडणारे कुलूप बनवणाऱ्यास ब्रिटिश सरकारने १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जहाजांना लागणाऱ्या लोखंडी सामानाचा व्यापार करणारे चार्ल्स चब आणि त्यांचे बंधू जेरमाया त्या वेळी तेथेच होते. जेरमाया यांनी १८१८ मध्ये या कुलपाचे पेटंट घेतले आणि बक्षीसही मिळवले.

त्याची रचना समजायला कठीण नाही. कुलपात अनेक लिव्हर, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या चपट्या पट्ट्या, एकावर एक बसवलेले असतात आणि प्रत्येक लिव्हर ठरावीक उंचीपर्यंतच उचलला गेला तर खिट्टी सरकते. कमी उचलला तरी अडते, जास्त उचलला तरी अडते. चोर आकडा घालून चाचपडतो तेव्हा कोणता तरी लिव्हर प्रमाणापेक्षा जास्त उचलला जातोच. चब यांच्या कुलपात असे झाले की एक खास कमान तो लिव्हर तेथेच अडकवून ठेवते, आणि मग खरी किल्लीसुद्धा कुलूप उघडत नाही. मालकाला लगेच कळते की कोणीतरी हात घातला होता. सुरुवातीला ही अडकलेली कमान मोकळी करण्यासाठी वेगळी किल्ली लागे. १८२४ मधील सुधारणेनंतर खरी किल्लीच उलट फिरवून ते काम होऊ लागले. चोरीला अडथळा करणे आणि चोरीच्या प्रयत्नाची खूण ठेवणे ही दोन कामे एकाच यंत्रणेत आणली, हे या कुलपाचे वैशिष्ट्य आहे.

या कुलपाबरोबर एक कथाही सांगितली जाते. पोर्ट्समथ बंदरातील तुरुंग-जहाजावर एक कैदी होता, तो धंद्याने कुलूपवाला. हे कुलूप उघडलेस तर सरकारकडून माफी आणि चब यांच्याकडून १०० पौंड, असे त्याला सांगितले गेले; पण दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले. कथा सुंदर आहे आणि जवळजवळ त्याच शब्दांत सगळीकडे येते. जी गोष्ट सगळीकडे एकाच साच्यात ऐकू येते, तिचा पहिला कागद कोणता, हा प्रश्न कार्यक्रमातील अभिलेखपालांना विचारायला हरकत नाही. त्यांना असे प्रश्न आवडतात.

१८५१ च्या ‘कुलपांच्या वादा’त नक्की काय घडले?

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे ते १५ ऑक्टोबर १८५१ या काळात जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तेथे न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल या कंपनीचे कुलूप घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स नावाचे गृहस्थ आले आणि इंग्लंडमधील प्रत्येक नामांकित कुलूप आपण उघडू शकतो असे त्यांनी जाहीर केले. जुलैमध्ये वेस्टमिन्स्टरमधील एका घरात साक्षीदारांसमोर, तेथील तळघराच्या दाराला लावलेले चब यांचे डिटेक्टर कुलूप त्यांनी सुमारे २५ मिनिटांत उघडले आणि लगेच काही मिनिटांत ते पुन्हा बंदही करून दाखवले. येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. लिव्हर जास्त उचलला गेला हे मालकाला सांगणारी कमान तीच गोष्ट चाचपडणाऱ्या माणसालाही सांगत असते. त्याला ती पुन्हा मोकळी करता आली, तर इशारा देण्यासाठी केलेली सोय त्याच्याच उपयोगी पडते.

त्यानंतर पाळी आली जोसेफ ब्रामा यांच्या कुलपाची. ब्रामा यांचे पेटंट १७८४ चे. त्यांच्या कुलपाची किल्ली नळीसारखी गोल असून तिच्या टोकाला कमी-जास्त खोलीच्या खाचा असतात आणि त्या खाचा आतील पट्ट्यांना वेगवेगळ्या अंतरापर्यंत ढकलतात. ही कुलपे अचूक घडवण्यासाठी ब्रामा यांच्या पदरी असलेले तरुण कारागीर हेन्री मॉडस्ली यांनी यंत्रे तयार केली आणि पुढे ते स्वतः इंग्लंडमधील यंत्रनिर्मितीचे आघाडीचे नाव ठरले. पिकॅडिलीवरील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत १८ पट्ट्यांचे एक कुलूप अनेक दशके टांगलेले होते आणि ते उघडणारे साधन बनवणाऱ्याला २०० गिनी मिळतील अशी पाटी त्यावर होती. हॉब्स यांनी १६ दिवसांच्या अवधीत एकूण ५१ तास काम करून ते उघडले. त्यांनी कुलपाला उपकरण पक्के बसवून ठेवले होते, अशी परिस्थिती खऱ्या चोराला कधीच मिळत नाही, अशी तक्रार ब्रामा यांच्या पेढीने केली. पण पंचांनी हॉब्स यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना २०० गिनी मिळाल्या. ते आव्हानाचे कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आमच्या मते ब्रामा यांच्या पेढीची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. ५१ तास निवांत बसायला मिळणारा चोर जगात नाही. परंतु ‘उघडणार नाही’ आणि ‘उघडायला फार वेळ लागेल’ हे दोन वेगळे दावे आहेत आणि दुकानातील पाटीवर पहिला दावा होता. ग्राहक इतकी वर्षे पैसे मोजत होते तेही पहिल्याच दाव्यासाठी. आज तिजोऱ्यांची प्रतवारी त्या किती मिनिटे टिकतात यावर केली जाते. त्या विचाराकडे जाणारा रस्ता या वादातून निघाला. हॉब्स स्वतः पुढे काही वर्षे लंडनलाच राहिले आणि त्यांनी कुलपांची पेढी काढली, हे सांगितले म्हणजे त्या उन्हाळ्यातील त्यांच्या उत्साहामागचे व्यापारी कारणही लक्षात येईल.

कार्यक्रमात कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवतात. अशी माहिती जाहीरपणे देणे धोक्याचे नाही का?

हा प्रश्न १८५१ मध्येही लंडनच्या वर्तमानपत्रांतून विचारला गेला होता. १८५३ मध्ये तेथे छापलेल्या कुलपांवरील एका छोट्या पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर दिलेले आहे. त्याचा आशय असा की, चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात आणि आपण शिकवू शकू त्यापेक्षा जास्त त्यांना आधीच ठाऊक असते. कुलपातील दोष लपवून ठेवल्याने प्रामाणिक ग्राहक तेवढा अंधारात राहतो. संगणकाच्या सुरक्षेचा अभ्यास करणारे लोक आज हाच युक्तिवाद करतात आणि पुष्कळदा त्याच पुस्तकातील उतारा देतात.

अशा कार्यक्रमांत दाखवतात ती तत्त्वे आणि जुने नमुने. खिट्टीवर हलका दाब ठेवला असता सर्व लिव्हर सारखे अडकत नाहीत, घडणीतील सूक्ष्म फरकामुळे एखादा आधी अडकतो आणि तो हाताला जाणवतो. हॉब्स यांच्या पद्धतीचे मर्म एवढेच होते. आज कोणाच्या दारावर कोणते कुलूप आहे आणि ते कसे उघडावे, हा अभिलेखागाराचा विषय नसतो.

कोहिनूरचा या सगळ्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. १८४९ मध्ये पंजाब खालसा केल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने बालवयीन महाराजा दुलीपसिंग यांच्याकडून हा हिरा घेतला. तो इंग्लंडला रवाना होण्यापूर्वी मुंबईत आणण्यात आला. १ फेब्रुवारी १८५० रोजी तो एका लहान लोखंडी पेटीत, ती पेटी लाल दप्तरपेटीत, अशा रीतीने लाखेची मोहर करून बंद करण्यात आला आणि जहाजाची वाट पाहत मुंबईच्या सरकारी खजिन्यात ठेवला गेला. ६ एप्रिल रोजी ‘मेडिया’ या युद्धनौकेने तो घेऊन मुंबई सोडली. म्हणजे जगातील त्या वेळच्या सर्वांत चर्चित रत्नाचे संरक्षण दोन महिने लोखंड, फीत, लाख आणि गुप्तता यांच्या भरवशावर होते. त्यातही बहुतेक भार गुप्ततेवर होता.

पुढच्याच वर्षी तो हाइड पार्कच्या प्रदर्शनात हजारो लोकांसमोर मांडायचा होता आणि तेथे गुप्ततेचा काही उपयोग नव्हता. म्हणून चब यांच्याकडून सोनेरी मुलाम्याचा पिंजरा बनवून घेण्यात आला. दिवसा हिरा पिंजऱ्यात दिसे आणि रात्री यंत्रणेद्वारे खालच्या भक्कम लोखंडी पेटीत उतरे. पाहणाऱ्यांची मात्र निराशा झाली, कारण जुन्या भारतीय पैलूंमुळे तो अपेक्षेइतका चमकेना. मग त्याच्याभोवती दिवे लावून पाहण्यात आले. ज्या प्रदर्शनात चब यांचा पिंजरा कोहिनूर सांभाळत होता, त्याच प्रदर्शनाच्या काळात त्यांचे कुलूप २५ मिनिटांत उघडले गेले, हा योगायोग त्या वेळच्या वाचकांच्याही नजरेतून सुटला नसेल. भारतीय पाहुण्यांनी अशा कार्यक्रमात या पिंजऱ्याचे चित्र पाहिले तर त्याच्या कारागिरीबरोबरच आतली वस्तू तेथे कशी आली हेही विचारावे. दोन्ही प्रश्न एकाच कागदावरचे आहेत.

मुंबईत असे काही पाहायला मिळते का?

मिळते. विक्रोळीला गोदरेज अभिलेखागार आहे. ते २००६ मध्ये स्थापन झाले असून तेथे कागदपत्रे, छायाचित्रे, जुनी उत्पादने आणि कर्मचाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी जतन केल्या आहेत. व्याख्यानासारखे सार्वजनिक कार्यक्रमही होतात.

अर्देशीर गोदरेज हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला, कारण ती विकत घेऊ पाहणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का नको होता आणि अर्देशीर त्याला तयार नव्हते. नंतर मुंबईतील घरफोड्यांविषयीची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका छोट्या शेडमध्ये काम सुरू झाले. पुढे तिजोऱ्या आल्या, आणि १९५४ मध्ये बाजारात आलेले ‘नवताल’ तर महाराष्ट्रातील निम्म्या जुन्या दारांवर अजून लटकत असेल.

पण विक्रोळीच्या संग्रहातील आमच्या आवडीची वस्तू कुलूप नाही, मतपेटी आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. तिच्यासाठी लागलेल्या पोलादी मतपेट्या अनेक कारखान्यांनी बनवल्या आणि त्यांपैकी बारा लाखांहून अधिक विक्रोळीत तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावले असते तर खर्च परवडला नसता, म्हणून पेटी आतून बंद होईल अशी रचना करण्यात आली. येथे प्रश्न चोराला थोपवण्याचा नव्हता. पेटी मधल्या काळात उघडली गेली नाही, असा विश्वास बहुतांशी निरक्षर असलेल्या कोट्यवधी मतदारांना आणि एकमेकांवर संशय घेणाऱ्या उमेदवारांना वाटायला हवा होता, आणि तोही मोजक्या रुपयांत. कुलपाचा इतिहास येथे लोकशाहीच्या इतिहासाला येऊन मिळतो, म्हणून मुलांना काही एकच दाखवायचे असेल तर ही पेटी दाखवावी.

कंपनीनेच जपलेला इतिहास किती खरा मानावा?

खरा मानावा, पण तो कोणी सांगितला आहे हे विसरू नये. कुलपे आणि तिजोऱ्या विकणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: चोऱ्या फार होतात आणि आपला माल टिकतो. चब यांच्या पेढीने घरफोड्या, तिजोऱ्या आणि कुलपे यांविषयीची वर्तमानपत्रांतील कात्रणे व इतर कागद दशकानुदशके चिकटवून ठेवले. त्यांचे जाडजूड खंड लंडनमध्ये पाहता येतात आणि गुन्हेगारीच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचा अतिशय उपयोग होतो. तरीही ती निवड एका विक्रेत्याची आहे, शहरातील गुन्ह्यांची गणती नव्हे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीत तिजोऱ्या कशा टिकल्या हे गोदरेजच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. त्याच जहाजात पोलादी टाकीत बंद केलेल्या सोन्याच्या विटा होत्या आणि त्या स्फोटाने दूरवर उडाल्या. दोन्ही माहिती शेजारी ठेवून वाचली की आगीपासून संरक्षण, चोरीपासून संरक्षण आणि स्फोटापासून संरक्षण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजते. जाहिरातीत मात्र या तिन्ही ‘मजबूत’ या एका शब्दात मावतात.

कागद प्रत्यक्ष हाताळता येतात का? हातमोजे घालावे लागतात का?

बहुतेक ठिकाणी येतात. वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि ओल्या छत्र्या बाहेर ठेवाव्या लागतात. कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात, कारण हातमोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कोपरे फाटतात. धातूच्या वस्तूंसाठी उलट नियम आहे. घामातील क्षारांमुळे लोखंड गंजते आणि पितळेवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात, म्हणून कुलपे व किल्ल्या हातमोजे घालूनच धराव्यात. छायाचित्रांसाठीही हातमोजे लागतात.

काही कागद दाखवायला नकार दिला तर?

तो नकार सहसा योग्य असतो. किल्ल्यांच्या क्रमांकांच्या नोंदवह्या, बँकांच्या तळघरांचे आराखडे, तुरुंगांना पुरवलेल्या कुलपांची रेखाचित्रे अशा कागदांतील वास्तू अजून वापरात असू शकते. शिवाय कामगारांच्या वैयक्तिक नोंदी हयात व्यक्तींविषयी असतात. त्यामुळे असे दप्तर ठरावीक वर्षे बंद ठेवले जाते. ते कोणत्या वर्षी खुले होणार आहे, हे विचारता येते.

घरातील जुने कुलूप घेऊन गेले तर त्याची माहिती मिळेल का?

कार्यक्रमाच्या जाहिरातीत तसे म्हटले असेल तर अवश्य न्यावे. कुलपावरील नाव, क्रमांक आणि किल्लीचे छायाचित्र सोबत असल्यास सूचीपत्रांवरून त्याचा काळ बऱ्याचदा ठरवता येतो. नेण्यापूर्वी त्यात तेल ओतू नये आणि चिंच किंवा पितांबरी लावून ते लख्ख करू नये; घासण्याने कारागिराच्या खुणा पुसल्या जातात आणि तेलावर धूळ बसून आतील भाग अधिकच घट्ट होतो. नावावरून लगेच निष्कर्षही काढू नये. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावाची नक्कल करणारी कुलपे त्या काळीही भरपूर बनत होती.

आजोबांच्या तिजोरीची किल्ली हरवली आहे. अभिलेखागार ती उघडून देईल का?

नाही. त्यासाठी ओळखीचा, परवानाधारक कुलूपवाला गाठावा.

लहान मुलांना नेता येईल का?

वाचनकक्षात त्यांना कंटाळा येईल, पण खुल्या दिवसांत मुलांसाठी बहुधा वेगळी मांडणी असते. लाकडाचे मोठे कापीव नमुने, ज्यांत आतील पट्ट्या वर-खाली होताना दिसतात, ते दहा-बारा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत सर्व काही समजावतात. प्राचीन इजिप्त आणि ॲसिरियात वापरली जाणारी लाकडी खुंट्यांची कुलपे आणि लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेतलेले छोट्या खुंट्यांचे कुलूप यांचे मूळ तत्त्व एकच आहे, हे अशा नमुन्यावर चटकन दिसते. आपल्या सदनिकेच्या दाराला असलेले चपट्या किल्लीचे कुलूप बहुधा त्याच जातीचे असते.

कंपनी विकली गेली की तिच्या कागदांचे काय होते?

पुष्कळदा ते पांगतात. चब यांची मालकी १९८४ मध्ये रेकल या कंपनीकडे आणि १९९७ मध्ये विल्यम्सकडे गेली. २००० मध्ये कुलपांचा विभाग स्वीडनच्या असा अब्लॉय या समूहाने घेतला आणि अग्निसुरक्षेचा व्यवसाय वेगळ्या वाटेने गेला. प्रत्येक हस्तांतरात कपाटे रिकामी होतात, इमारती सोडल्या जातात, आणि कोणती फाइल ठेवायची हे अशा माणसाला ठरवावे लागते ज्याला ती बाजूला काढायला अर्धा दिवसही मिळालेला नसतो. काही दप्तर सार्वजनिक संस्थेत पोहोचते, काही निवृत्त कामगार घरी नेऊन जपतात, उरलेले रद्दीत जाते. वुल्व्हरहॅम्प्टन स्थानकाजवळची, १८९९ मधील चब यांची भव्य इमारत उभी आहे, पण तिच्यात रोज काय चालत होते हे सांगणारे कागद आता वेगवेगळ्या गावांत शोधावे लागतात.

आमच्या घरातील कोणी कुलपांच्या किंवा तिजोऱ्यांच्या कारखान्यात होते. त्यांच्या आठवणी आणि कागद द्यायचे असतील तर काय करावे?

प्रथम काहीही फेकू नये आणि काहीही चिकटपट्टीने जोडू नये. पगाराच्या चिठ्ठ्या, कामगार संघटनेची कार्डे, हजेरीचे बिल्ले, हाताने काढलेली रेखाचित्रे, कारखान्यातील सहलीची किंवा पूजेची छायाचित्रे हे सर्व उपयोगाचे असते. कंपनीच्या अधिकृत दप्तरात नेमक्या याच गोष्टी नसतात. छायाचित्रामागे पेन्सिलीने हलक्या हाताने ठिकाण, अंदाजे साल आणि ओळखता येतील ती नावे लिहून ठेवावीत. नंतर संस्थेशी पत्रव्यवहार करून मूळ कागद द्यायचे की फक्त प्रती, ते लगेच खुले करायचे की काही वर्षांनी, हे लेखी ठरवून घ्यावे. आठवणी सांगणारी व्यक्ती वयस्क असेल तर कागदांची वाट न पाहता आधी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि तिला मराठीतच बोलू द्यावे. कोणती कानस कशाला वापरत, तपासनीस कुलूप कसे पारखत, रात्रपाळीला काय खात, हे तिने तिच्याच शब्दांत सांगितलेले असेल तर भाषांतर नंतर कोणीही करू शकेल.